खंडेनवमीचा भाला

सारजाच्या लग्नात रुखवत बघायला बायकांनी जी झुंबड केली, ती लाडवांसाठी नव्हती. फुलंब्रीच्या त्या मांडवात पलंग, लोखंडी कपाट, पाच भांडी, शेवयांच्या परड्या, रंगीत कुरडयांची चवड असं सगळं रीतसर मांडलेलं होतं. आणि या सगळ्याच्या मागं, भिंतीला टेकवून, माणसापेक्षा हातभर उंच असा एक भाला उभा होता. त्याच्या टोकाला कुणीतरी हौसेनं झेंडूचं फूल खोचलं होतं.

नवरदेवाची आई मनकर्णाबाई पदर सावरत रुखवतासमोर आली आणि थबकली.

“इहीणबाई, ह्ये काय हाय?”

“सारजाचं हाय,” नवरीची आई आवडाबाई म्हणाली. “तिच्या कॉलेजातल्या खेळाच्या बाईनं आहेर दिला. आहेर हाय तर म्हणलं रुखवतात मांडू. मागनं कुणी म्हणाया नको, एक नग ठेवून घेतला म्हणून.”

“आता जपून राह्य रे पुंजाराम!” बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं आणि मांडवभर हशा पिकला. नवरदेव पुंजारामही हसला. मनकर्णाबाई हसली नाही. पोरगी पाहायला गेले तेव्हा या लोकांनी सांगितलं होतं, ‘खेळात हुशार हाय.’ मनकर्णाबाईला वाटलं होतं, सागरगोटे खेळत असेल, फुगडी बरी घालत असेल. पोरगी उंच होती, खांद्यानं भरलेली होती, भाकरी गोल थापत होती. त्यापलीकडं विचारायचं तरी काय?

सारजाच्या हाताची गोष्ट फुलंब्रीत मात्र सगळ्यांना ठाऊक होती. सुगी झाली की तिचे वडील फकिराराव कडब्याची गंज रचायला वर उभे राहात आणि खालून पेंढ्या फेकायचं काम सारजाकडं असे. गंज चढत चढत वळचणीच्या वर गेली की गडीमाणसांचे हात भरून येत, पेंढी अर्ध्यातून माघारी येई. सारजाची पेंढी मात्र वडिलांच्या छातीशी जाऊन थांबे. तिच्या फेकण्यात धसमुसळेपणा नव्हता. टाचेपासून कंबर, कंबरेपासून खांदा असं अंग एकामागून एक सुटत जाई आणि सगळ्यात शेवटी हातातून पेंढी निघे.

पुढं ती औरंगाबादेला कॉलेजात आली. तिथल्या खेळाच्या शिक्षिका अनसूयाबाई औरंगपुऱ्यात राहात आणि साडीचा पदर कमरेला खोचून सायकलवर येत. एकदा स्पर्धेत भालाफेकीला मुलगी कमी पडली म्हणून त्यांनी कबड्डीतल्या सारजाला उभं केलं. सारजानं भाला हातात घेऊन वर-खाली बघितला आणि विचारलं, “बाई, ह्यो कडब्यासारखाच टाकायचा का?” बाई घाईत होत्या. “टाक कसाही,” म्हणाल्या. सारजानं टाकला आणि पहिली आली. नंतर बाईंनी तिला नीट शिकवलं, आणि कॉलेजात असेपर्यंत भालाफेकीचं बक्षीस दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नाही. मग परीक्षा झाली, स्थळ आलं, आणि भाला रुखवतात बसून मुकुंदवाडीला आला.

मुकुंदवाडीच्या त्या घरात त्याला जागा नव्हती. उभा करावा तर पत्र्याला टेके, आडवा ठेवावा तर येताजाता पायात येई. शेवटी तो माजघराच्या कोपऱ्यात तिरका उभा राहिला, उखळाशेजारी. मनकर्णाबाईच्या घरात कुठलीही वस्तू काम न करता राहू शकत नसे. पहिल्याच पावसाळ्यात लुगडी वाळेनात, तेव्हा तिनं भाला दोन खुंट्यांवर आडवा टाकला आणि त्यावर ओली गोधडी वाळत घातली. सारजा पाणी घेऊन आली. तिनं हंडा उतरवला, गोधडी काढून दोरीवर टाकली, भाला पदरानं पुसला आणि जागच्या जागी ठेवला. तोंडातून शब्द नाही.

मनकर्णाबाईला याचाच राग येई. भांडणारी सून परवडली, ती एक बोलते, आपण दोन बोलतो, आणि सांजच्याला दोघी मिळून भाजी निवडतो. ही बोलतच नाही. हिच्या मनात काय आहे ते हिचा भाला जाणे!

घरामागचं त्यांचं शेत सरकारनं नव्या वसाहतीसाठी घेऊन टाकलं होतं. पांढरे दगड रोवून आखणी झाली होती, पण घरं काही उठली नव्हती. माती तीच, वास तोच, पण नांगर घालायची मुभा नाही. सासरे आप्पासाहेब ओट्यावर पाय सोडून दिवसभर त्या रानाकडं पाठ करून बसत. पुंजारामला कचेरीत कारकुनी होती म्हणून घर चाललं होतं. मनकर्णाबाई शेत गेल्यापासून तिकडं फिरकलीच नव्हती. बैल विकला त्या दिवशी ती शेवटची तिकडं गेली होती.

आणीबाणी उठली त्या वर्षीची गोष्ट. एक दिवस अनसूयाबाई सायकल हाकत मुकुंदवाडीला आल्या. चहा प्यायल्या आणि सरळ विषयालाच हात घातला.

“आप्पासाहेब, दसऱ्याला जिल्ह्याच्या संघाची निवड आहे. निवड झालेल्या मुली राज्याच्या स्पर्धेला जाणार. सारजाच्या तोडीची मुलगी मला जिल्ह्यात दिसत नाही. पण वर्ष झालं, तिनं भाला हातात धरलेला नाही.”

“धरती की,” मनकर्णाबाई चुलीपासून म्हणाली. “रोज पुसती.”

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. मग निकाल दिला. “दसऱ्यापतोर करू द्या. निवड झाली तर पुढचं पुढं बघू. नाय झाली तर भाला वाशाला बांधून टाकायचा. मग पुन्ना त्याचं नाव काढायचं नाय. काय गं पोरी?”

दाराआडून सारजा म्हणाली, “व्हय मामंजी.” तिचा आवाज इतका चटकन आला की मनकर्णाबाईनं वळून बघितलं. सुनेचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती. लग्नाला वर्ष उलटलं तरी मनकर्णाबाईनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

बाईमाणसानं उजाडताना एकटीनं घरामागच्या माळावर जाऊ नये, म्हणून मनकर्णाबाईनं सोबत जायचं ठरलं. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावर वाडीतली सरूबाई भेटली. ती डबडं घेऊन निघाली होती.

“काय मनकर्णाबाई, आता भाला घिऊन परसाकडं जायची येळ आली का गं?”

“व्हय. तुझ्यासारख्या आडव्या येत्यात ना वाटंत!”

शेतात आल्यावर मनकर्णाबाई एका पांढऱ्या दगडावर बसली. सारजानं बांगड्या कोपराकडं सारून वर रुमाल बांधला, साडीचा काष्टा घट्ट केला, धावली आणि भाला फेकला. भाला गेला, तिरका रुतला. सारजा चालत गेली, उपटून आणला, पुन्हा धावली, फेकला, पुन्हा चालत गेली. मनकर्णाबाईनं थोडा वेळ हे सोसलं. जन्मभर तिनं विहिरीवर जाताना रिकामी घागर नेली नव्हती. जाताना धुणं, येताना पाणी. आणि ही बया एका फेकीसाठी एवढी पायपीट करते!

“असलं कसलं काम गं हे? फेकायचं येवढंसं, आन् चालायचं येवढं! थांब तिथंच. म्या देते आणून.”

“आत्याबाई, तुमी कामून?”

“मंग काय बसून माशा मारू?”

अशा रीतीनं मनकर्णाबाई माळाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभी राहिली. लुगड्याचा ओचा वर खोचलेला, हातात काठी. भाला सुटला की “आला गं!” असं आपणच ओरडायची आणि बाजूला सरकायची. उपटायची, पदरानं टोकाची माती पुसायची, चालत जाऊन सुनेच्या हातात द्यायची. येता-जाता तिच्या लक्षात आलं की हे आपलंच रान आहे. इथं विहीर होती. तिथं लिंबाचा खुंट. त्याच्या पलीकडं बांध, आणि बांधापलीकडं शेजारच्या द्वारकाबाईची पट्टी. शेत गेल्याचं दुःख तिनं कुणाजवळ काढलं नव्हतं. आता रोज पहाटे ती त्याच मातीतून फिरत होती आणि सगळ्या वाडीला वाटत होतं, सासू सुनेवर पाळत ठेवते.

तिची मापंही त्या शेताचीच होती. “आज हिरीच्या अलीकडंच पडला, जेवली नायस का?” किंवा “आज खुंटाला गेला गं!” एकदा अनसूयाबाई फीत घेऊन आल्या, त्यांनी माप घेतलं आणि सांगितलं, “त्या बांधावर गेला की निवड झालीच म्हणून समजा.” झालं. तेव्हापासून मनकर्णाबाईला दुसरं काही दिसेना. श्रावण गेला, पोळा गेला. सारजा हळूहळू बोलू लागली होती, म्हणजे “आत्याबाई, आज खांदा जड हाय” एवढं तरी. मनकर्णाबाई तिच्या ताटात तुपाची धार सोडू लागली. आणि पितृपक्षातल्या एका सकाळी भाला बांध ओलांडून गेला. मनकर्णाबाई द्वारकाबाईच्या पट्टीत शिरली, आणि भाला उपटताना तिनं आजूबाजूला बघून घेतलं, दुसऱ्याच्या रानातलं कणीस मोडावं तसं.

खंडेनवमीला सारजा सकाळीच औरंगपुऱ्यात अनसूयाबाईंकडं गेली होती. उद्याच्या निवडीत छातीवर लावायचा क्रमांक आणायचा होता. इकडं मनकर्णाबाईनं माजघर सारवलं, पाट मांडला आणि पूजेची हत्यारं काढली. विळा, खुरपं, कुऱ्हाड, पुंजारामचा पेन. बस. दरसाल या दिवशी नांगर, कुळव, पाभर अंगणात मावत नसत. आता ती अवजारं शेतामागोमाग गेली होती. चार वस्तूंच्या त्या पाटाकडं बघून मनकर्णाबाईला कसंतरीच झालं. ओट्यावरून आप्पासाहेबही बघत होते.

मनकर्णाबाई उठली. कोपऱ्यातला भाला घेऊन आली.

“ह्यो कामून?” आप्पासाहेब म्हणाले.

“ह्यो बी हत्यारच हाय की घरातलं. बाकीच्यायहून ज्यादा तर ह्योच रानात जातो.”

तिनं भाला धुतला, पुसला, मांडीवर आडवा घेतला. वाटीत करडीचं तेल घेतलं आणि टोकापासून शेपटापर्यंत चोळलं. पूर्वी नांगराच्या रुमण्याला चोळायची तसंच, हात न आखडता, लाकूड-लोखंडाला तेल पाजायचं या रीतीनं. मधे जिथं दोरी गुंडाळलेली मूठ होती तिथं तिनं जास्तच तेल घातलं, कारण पोरीचा हात तिथं असतो. मग हळद, कुंकू, अक्षता. मुठीवर झेंडूची माळ.

दुपारी सारजा आली. दारात चप्पल काढली आणि पाटाकडं बघून तशीच उभी राहिली.

“बघतीस काय?” मनकर्णाबाई म्हणाली. “पाया पड. आजपासून त्यो घरातला झाला.”

सारजाचा चेहरा कसातरी झाला. ओठ हलले, मग मिटले. तिनं वाकून नमस्कार केला आणि उठल्यावर सासूच्याही पाया पडली. पोरीचं मन भरून आलं, असं मनकर्णाबाईला वाटलं. पुजलेल्या हत्याराला दसऱ्याची पूजा होईपर्यंत कुणी हात लावत नसतं. त्यामुळं ते तेल दिवसभर आणि रातभर त्या दोरीत मुरत राहिलं.

दसऱ्याला शाळांना सुट्टी, मैदान मोकळं, म्हणून निवड त्या दिवशी ठेवलेली. सकाळी नारळ फुटला. मनकर्णाबाईनं भाला आपल्या जुन्या लुगड्यात स्वतःच्या हातानं गुंडाळला. टांगेवाला गाडीजवळ उभा राहून ते लांबट गाठोडं बघत राहिला.

“अम्मा, ये बरछी किधर कू ले जा रै? आज दसेरा है, लड़ाई है क्या?”

“लढाईच हाय बाबा. हाक तू.”

“हाकता, पन मेरे घोडे कू नक्को चुभाव!”

भाल्याचं शेपूट टांग्याच्या मागं हातभर बाहेर आलं होतं. मागून पुंजाराम सायकलवर येत होता, एक हात हँडलला आणि एक हात त्या शेपटाला. रस्त्यातली पोरं टाळ्या वाजवत होती.

मैदान मनकर्णाबाईला आवडलं नाही. नुसतं सपाट. ना विहीर, ना खुंट, ना बांध. इथं कुठं काय पडलं ते माणसाला कळावं कसं? ती दोरीपलीकडं मांडी घालून बसली. प्रत्येक मुलीला तीन फेकी होत्या. तीन मुली निवडायच्या होत्या, दोन संघात आणि एक राखीव.

सारजाचं नाव पुकारलं. ती धावली, हात मागं गेला, आणि भाला सुटला तो सुटल्यासारखा सुटलाच नाही. हातातून निसटला. वेडावाकडा फिरत बाजूला गेला, तिथला पंच उडी मारून सरकला, आणि भाला आडवाच पडला. लाल झेंडी वर झाली. कुणीतरी हसलं. सारजानं हात मातीवर घासला.

दुसऱ्या फेकीला ती जपून धावली. भाला सरळ गेला, पण जवळच. मनकर्णाबाईच्या मनातल्या रानात तो विहिरीपर्यंतही गेला नसता. सारजा माघारी येताना उजवा तळवा कमरेला पुसत होती. खेळाच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा, तेलकट पट्टा उमटला.

मनकर्णाबाईनं तो पट्टा बघितला. ती उठली आणि दोरी ओलांडून आत शिरली. “बाई, इकडं येता येत नाही,” म्हणून एक शिट्टीवाला मागं धावला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. सुनेचा हात धरला.

“काय झालं?”

“काय नाय आत्याबाई. घाम आलाय.”

मनकर्णाबाईनं तो तळवा नाकाशी नेला. “घाम? ह्यो घाम करडीच्या घाण्यातनं निघाला व्हय गं?”

सारजा खाली बघू लागली.

“कालच का बोलली नायस?”

“तुमी पह्यल्यांदा पुजला. घरातला म्हणाल्या. कसं सांगू?”

“तोंडानं सांगायचं! देवानं तोंड भाकरी खायालाच दिलं व्हय? म्या सैपाकात मीठ दोनदा घातलं तर तू मुकाट्यानं खाशील, घरादाराला खाऊ घालशील!” ती बोलत होती आणि बोलता बोलता तिच्याच डोळ्यांना धार लागली होती. “माझ्या मानापायी तू वाशाला बांधून घेतीस का सोताला?”

मैदानाच्या कडेला स्पर्धेचे दुसरे भाले पडले होते. मनकर्णाबाईनं काठीनं तिकडं दाखवलं. “त्यातला घे एक.”

“त्ये हाताचे नायत माझ्या. आन् तुमचा पुजलेला टाकून...”

“पुजलेल्याला टाकीत नसत्यात गं. इसावा देत्यात. नांगराला देत नव्हतो का आपण? दे इकडं.”

तिनं तेलकट भाला सुनेच्या हातातून घेतला. अनसूयाबाई धावत आल्या, काय झालं ते एका नजरेत त्यांना कळलं. त्यांनी काही न विचारता पडलेल्या भाल्यांतून कोरड्या मुठीचा एक निवडला. सारजानं हात मातीनं घासले, अनसूयाबाईंच्या रुमालाला पुसले, तो परका भाला एकदा तोलून बघितला. मनकर्णाबाई दोरीपलीकडं जाऊन बसली, आपला भाला लेकरासारखा मांडीवर आडवा घेऊन.

सारजा धावली. टाच, कंबर, खांदा. भाला उठला, वर गेला, बराच वेळ खाली यायला तयार नव्हता. मनकर्णाबाई नकळत ओरडली, “आला गं!” आणि बसल्या जागीच बाजूला सरकली. शेजारची माणसं तिच्याकडं बघू लागली.

पंच फीत घेऊन गेले. मनकर्णाबाईनं अनसूयाबाईंचा पदर धरला. “बांध ओलांडला का?”

“टेकला बांधाला,” बाई म्हणाल्या. “पलीकडं नाही गेला. तिसरी आली. राखीवमध्ये घेतलंय.”

तिघं घरी परतली. आप्पासाहेब ओट्यावर धुतलेला फेटा बांधून बसले होते, शेजारी आपट्याच्या पानांची डहाळी. सारजा मान खाली घालून सरळ आत निघाली. मनकर्णाबाईनं तिचा दंड धरला. “थांब हितंच.”

“काय झालं?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“मुठीला तेल म्या लावलं. दोन फेकी तेलानं खाल्ल्या. तिसरी हिची होती.”

“निवड झाली का नाय, त्ये सांग.”

“झाली. राखीव.”

“राखीव म्हंजी?”

पुंजारामनं घसा खाकरला. तो समजावून सांगणार होता, पण आईनं त्याला बोलूच दिलं नाही.

“राखीव म्हंजी दुसऱ्या पंगतीला बसणारा. पंगत दुसरी असली म्हणून काय झालं? जेवल्याबिगर कुणी उठतं व्हय?”

आप्पासाहेब तिच्याकडं बघत राहिले. मग लुगड्यात गुंडाळलेल्या भाल्याकडं बघितलं. मग, शेत गेल्यापासून पहिल्यांदाच, मान वळवून मागच्या रानाकडं बघितलं.

“किती लांब गेला?”

“बांधापतोर.”

“द्वारकाबाईच्या?”

“व्हय.”

“लई झालं की मंग,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांनी डहाळीची पानं तोडून पहिल्यांदा सुनेच्या हातावर ठेवली. “सोनं घे पोरी. औंदाचं आपलं शिलंगण तूच केलं.” मग बायकोकडं वळून म्हणाले, “आन् तू, त्याला आता भजी तळायची असली तरच तेल लाव.”

राज्याच्या स्पर्धेआधी निवड झालेल्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि राखीव सारजा गाडीत बसली. त्या वर्षी ती रिकाम्या हातानं आली. पुढच्या वर्षी चांदीचं पदक आणलं आणि त्याच्या पुढच्या वर्षी सोन्याचं. मग मात्र कितीतरी वर्षं राज्यात भालाफेकीत तिच्यापुढं कुणी गेलं नाही. देशाच्या स्पर्धेत दोनदा तिनं पदक मिळवलं. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा सरूबाई तो घेऊन घरोघर फिरली. “आमच्या वाडीची सून हाय,” म्हणायची, आणि परसाकडच्या त्या टोमण्याची कुणी आठवण दिली तर, “ती तर म्या नजर लागू नये म्हणून बोलले व्हते.”

मुलगी झाली तेव्हा सारजाला वाटलं, संपलं. तान्ह्या आशाला कडेवर घेऊन मनकर्णाबाईच माळाच्या त्या टोकाला जाऊन उभी राहिली. एका हातात नात, एका हातात भाला. नातीला बोलता येऊ लागलं तेव्हा ती ‘आई’च्याही आधी ‘आला गं’ म्हणाली, असं पुंजाराम सांगतो. तो लेकीच्या बाबतीत जरा वाढवून सांगतो, तेव्हा निम्मं सोडून द्यावं.

सारजाला पुढं शाळेत खेळाच्या शिक्षिकेची नोकरी लागली. मागच्या रानात घरं उठू लागली. एकदा भाला कुणाच्या तरी घराच्या पायाच्या खड्ड्यात जाऊन पडला आणि मनकर्णाबाई गवंड्यांना शिव्या देत खाली उतरली. बांधाच्या जागी एका बंगल्याचं कुंपण आलं, तेव्हा सराव शाळेच्या मैदानावर हलला. तिथं भाले आणून द्यायला विद्यार्थिनी होत्या. मनकर्णाबाई तरीही जायची आणि सावलीला बसायची. मोतीबिंदूनं दिसेनासं झालं होतं, पण भाला रुतल्याचा आवाज ऐकून म्हणायची, “नाय गं, हिरीपाशीच.”

तो पहिला भाला सारजानं पुन्हा स्पर्धेला नेला नाही. त्याच्या मुठीची दोरी बदलायलाही ती तयार झाली नाही. पिवळट, काळपट झालेली ती दोरी तशीच राहिली. दर खंडेनवमीला तो पाटावर येई. टोकाला कुंकवाचं बोट लागे, शेपटाला झेंडू. तेलाची वाटी मनकर्णाबाई त्या दिवशी फडताळाच्या आतल्या बाजूला सारून ठेवी. कुणी विळ्याला लावायला मागितलं तरी आधी विचारी, “विळ्यालाच ना?”

आप्पासाहेब गेले. वर्षं गेली. सारजाचा उजवा खांदा दुखू लागला आणि एका पावसाळ्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता पुरे. सारजानं घरी येऊन ते चारचौघांसारखंच सांगितलं, भाजी चिरता चिरता. आता तिला बोलायची सवय झाली होती.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला पाटावर विळा, अडकित्ता, पुंजारामचा पेन, आशाचा कंपास आणि नवा मिक्सर होता. सारजानं भाला आणून सासूच्या मांडीवर आडवा ठेवला. मग फडताळाच्या आतून वाटी काढली, तिच्यात तेल ओतलं आणि मनकर्णाबाईच्या हाताशी सरकवली.

“लावा आत्याबाई.”

म्हातारीनं वाटीत बोट बुडवलं, नाकाशी नेलं. “करडीचं हाय.”

“व्हय. आता कुठं निवड हाय? लावा मनसोक्त.”

मनकर्णाबाईनं टोकापासून सुरुवात केली. दिसत नव्हतं, पण हाताला वाट ठाऊक होती. हळूहळू चोळत ती मधे आली. बोटांना दोरी लागली आणि हात थांबला. तो तिथून उचलून तिनं पलीकडच्या बाजूला ठेवला आणि तिथून शेपटापर्यंत तेल चोळलं.

“मूठ राह्यली की,” सारजा म्हणाली.

“राहू दे.”

“आता कोण धरणार हाय त्याला?”

“कुणी बी धरील. तुझ्या शाळेतली एखादी धरील, आशाचं मन झालं तर आशा धरील. धरायच्या जागी कोरडंच बरं.” तिनं तेलाचा हात आपल्या केसांना पुसला आणि वाटी चाचपली. “आन् येवढं कशाला वतलंस गं? निम्मं राह्यलं. जा, डब्यात माघारी वत, तेल काय फुकट येतं व्हय?”